बाजारपेठ, जात आणि उद्योजक : मिलिंद कांबळे यांच्या कार्याची चिकित्सा
(शिरूर व दौंड तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दलित चळवळीचा इतिहास प्रामुख्याने शिक्षण, राजकीय प्रतिनिधित्व, साहित्य आणि धर्मांतर या चार अंगांनी लिहिला गेला आहे. उद्योग व व्यापार हे अंग त्यात दीर्घकाळ उपेक्षित राहिले. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी 'दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री' म्हणजेच 'डिक्की' ही संस्था स्थापन केली आणि ही उणीव प्रथमच संघटित स्वरूपात चर्चेत आली. 'नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा' या आशयाचे आवाहन त्यांनी तरुणांना केले. २०१३ मध्ये त्यांना उद्योग व व्यापार क्षेत्रातील कार्याबद्दल पद्मश्री प्राप्त झाली. पुढे जम्मू येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

या कार्यावर आजवर झालेले लेखन बहुतांशी दोन टोकांचे आहे. एका बाजूला गौरवपर चरित्रे व मुलाखती आहेत. दुसऱ्या बाजूला हा सारा प्रयोग म्हणजे भांडवलशाहीने मांडलेला देखावा आहे, अशी तात्त्विक टीका आहे. या दोन्ही पद्धतींत एक प्रश्न निसटतो. जिल्ह्याच्या ठिकाणापासून साठ-सत्तर किलोमीटरवरील तालुक्यात, कारखान्याच्या प्रवेशद्वारापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या भूमिहीन कुटुंबातील तरुणाला या कार्यातून नेमके काय मिळू शकते? प्रस्तुत लेखात हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून कांबळे यांच्या कार्याची चिकित्सा केली आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारी तालुक्यांचा संदर्भ घेतला आहे.

'अल्पसंख्य' या संज्ञेचा अर्थ

अल्पसंख्य म्हटले की आपल्याकडे धार्मिक गट डोळ्यांसमोर येतात. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सिद्ध केले, तेव्हा अनुसूचित जातींची सामाजिक स्थिती अन्य अल्पसंख्याकांहूनही बिकट असल्याने त्यांनाही अल्पसंख्याकांचे संरक्षण मिळाले पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. या अर्थाने अल्पसंख्यत्व हे केवळ संख्येवरून ठरत नाही. सत्ता, संपत्ती व संधी यांपासूनच्या अंतरावरून ठरते.

अमेरिकेत या संज्ञेला उद्योगनीतीचे रूप मिळाले. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या आदेशाने अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र शासकीय कार्यालय निर्माण झाले आणि मोठ्या कंपन्यांनी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या उद्योगांकडून माल घ्यावा, हा 'पुरवठादार वैविध्या'चा विचार रुजला. भारतात हा विचार चंद्रभान प्रसाद यांनी आग्रहाने मांडला. जानेवारी २००२ मधील भोपाळ परिषदेच्या जाहीरनाम्यात त्याला स्थान मिळाले. प्रसाद पुढे डिक्कीचे मार्गदर्शक झाले, हे लक्षात घेता कांबळे यांच्या संस्थात्मक कार्याची वैचारिक वंशावळ स्पष्ट होते. अमेरिकेतील याच कार्यालयाच्या उत्तराधिकारी यंत्रणेचा आकार कमीत कमी करण्याचा आदेश मार्च २०२५ मध्ये निघाला. शासकीय आदेशातून जन्मलेली संधी शासकीय आदेशानेच आटू शकते, हा धडा भारतीय अभ्यासकांनीही ध्यानात ठेवावा असा आहे.

जीवनप्रवास : एक वाचन

लातूर जिल्ह्यातील चोबळी हे कांबळे यांचे गाव. वडील शिक्षक. नांदेड येथून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुण्यात आले, बांधकाम व्यवसायातील नोकरी केली व नंतर स्वतः कंत्राटदार झाले. लहान कामांपासून आरंभ करून त्यांनी 'फॉर्च्यून कन्स्ट्रक्शन' ही कंपनी उभी केली. प्रसारमाध्यमांनी हा प्रवास 'शून्यातून विश्व' या परिचित साच्यात बसवला. अकोला जिल्ह्यातून येऊन कमानी ट्यूब्जचे पुनरुज्जीवन करणाऱ्या कल्पना सरोज किंवा सांगली जिल्ह्यातील पेड गावचे अशोक खाडे यांच्याही कथा याच साच्यात सांगितल्या गेल्या. देवेश कपूर, डी. श्याम बाबू व चंद्रभान प्रसाद यांच्या २०१४ मधील 'डिफाइंग द ऑड्स' या ग्रंथात अशा २१ दलित उद्योजकांच्या कहाण्या आहेत.

या साच्याची मर्यादा अशी, की त्यात व्यक्तीची जिद्द ठळक होते आणि तिला मिळालेल्या पायऱ्या अदृश्य होतात. वस्तुतः कांबळे यांच्या प्रवासाचा आरंभ शून्यातून झालेला नाही. वडिलांची वेतनाची नोकरी, शासकीय तंत्रशिक्षण आणि ठरावीक पात्रतेवर मिळणारे कंत्राटाचे काम या तीन सार्वजनिक पायऱ्या त्यामागे आहेत. निविदा पद्धतीत तत्त्वतः दर, पात्रता व अनामत रक्कम पाहिली जाते; आडनाव पाहण्याचे कारण उरत नाही. प्रत्यक्षात अडथळे असतातच, तरीही लेखी नियम असलेला ग्राहक आणि ओळखीवर चालणारा ग्राहक यांत मूलभूत फरक आहे. कांबळे यांच्या पुढील संस्थात्मक कार्याचे मर्म या फरकात शोधता येते. त्यांनी शासनाकडे मालक किंवा दाता म्हणून पाहण्याऐवजी ग्राहक म्हणून पाहावयास शिकवले. दलित राजकारणाच्या मागण्यांच्या यादीत ही खऱ्या अर्थाने नवी भर होती.

धोरणात्मक फलित

डिक्कीने २०१० मध्ये पुण्यात व २०११ मध्ये मुंबईत व्यापार प्रदर्शने भरवली. त्यांतून दलित उद्योजक हा अपवाद नसून एक वर्ग आहे, हे जनमानसाला प्रथमच दिसले. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांच्या वार्षिक खरेदीतील किमान २० टक्के भाग सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी निश्चित केला. २०१८ मध्ये २० टक्क्यांचे प्रमाण २५ टक्के झाले; ४ टक्के मात्र तसेच राहिले. या धोरणातील निविदा कागदपत्रे विनामूल्य देण्याची व अनामत रकमेतून सूट देण्याची तरतूद लहान कंत्राटदारासाठी आरक्षणाच्या टक्क्याइतकीच मोलाची आहे. कारण पहिल्या कामाआधी अनामत उभी करणे हीच त्याची पहिली अडचण असते.

यानंतर २०१४-१५ च्या अर्थसंकल्पात अनुसूचित जातींसाठी २०० कोटी रुपयांच्या साहसवित्त निधीची तरतूद झाली. एप्रिल २०१६ मध्ये 'स्टँड अप इंडिया' योजना व ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती केंद्र सुरू झाले. राज्यातही भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना आली. या साऱ्यांचे श्रेय एका व्यक्तीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु या मागण्या अर्थखात्याच्या भाषेत मांडणारी संघटना अस्तित्वात असल्यामुळे त्यांना गती मिळाली, हे नाकारता येत नाही.

मात्र तरतूद आणि प्रत्यक्ष लाभ यांतील अंतर मोठे आहे. ४ टक्क्यांच्या उद्दिष्टासमोर अनेक वर्षे प्रत्यक्ष खरेदी एक टक्क्याच्या आतच राहिली. 'स्टँड अप इंडिया'त प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या व एका महिला उद्योजकास १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यावे, अशी अपेक्षा होती. २१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या १,८०,६३६ कर्जांपैकी अनुसूचित जातींच्या वाट्याला २६,८८९ आणि अनुसूचित जमातींच्या वाट्याला ८,९६० कर्जे आली. देशात सुमारे सव्वा लाख शाखा असल्याचे या योजनेचे गणित होते. म्हणजे सात वर्षांत शाखेमागे एक हे उद्दिष्टही या दोन घटकांच्या बाबतीत एक तृतीयांशाहून कमी साध्य झाले. ही तूट का राहिली, याचे उत्तर दिल्लीपेक्षा तालुक्यात अधिक स्पष्ट दिसते.

भीमेचे दोन काठ

शिरूर तालुक्यात पुणे-अहिल्यानगर महामार्गावर रांजणगाव औद्योगिक क्षेत्र आहे. एलजी, व्हर्लपूल, फियाट, हायर यांसारख्या कंपन्यांचे प्रकल्प तेथे उभे राहिले. सणसवाडी व कोरेगाव भीमा परिसरातही कारखाने व गोदामे यांची दाटी झाली. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे रासायनिक व औषधनिर्मिती उद्योग आहेत. दौंड शहराची ओळख मात्र रेल्वे जंक्शनची. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. त्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये भरलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे प्रतिपादन केले होते. भांडवलाला मुक्तीचे साधन मानणाऱ्या डिक्कीच्या भूमिकेला हे स्मरण अडचणीचे आहे. तसेच १९४७ च्या निवेदनातील राज्य समाजवादाचा आराखडाही. या विसंगतीचे समाधानकारक उत्तर डिक्कीच्या मांडणीत आढळत नाही. बाबासाहेबांच्या अर्थविचारातील उद्योगीकरणाचा आग्रह तेवढा घेतला जातो व उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न बाजूला राहतो.

या परिसरातील उद्योजकतेचा पाया कोणता? त्याची उत्तरे दोन आहेत : सहकार आणि जमीन. पाटस येथील भीमा व न्हावरे येथील घोडगंगा या सहकारी साखर कारखान्यांच्या रूपाने येथील शेतकरी समाजाने संस्थात्मक भांडवल उभे केले. परंतु ऊस-उत्पादक सभासदत्वाचे दार उसाच्या बांधावरून उघडते. ज्याला बांधच नाही त्याला त्या दारातून मजूर म्हणूनच आत जाता येते. औद्योगिक क्षेत्रांसाठी भूसंपादन झाले तेव्हाही मोबदला जमीनधारकाला मिळाला. त्या मोबदल्यातून ट्रक, जेसीबी, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या, उपाहारगृहे उभी राहिली. स्थानिकांना कामे द्या, या मागणीतील 'स्थानिक' म्हणजे व्यवहारात प्रामुख्याने जमीन गेलेला खातेदार. मजुरीवर जगणारा रहिवासी तितकाच स्थानिक असूनही या हिशेबात धरला जात नाही.

यामागे मोठा इतिहास आहे. महार वतनाच्या जमिनी गावसेवेच्या बदल्यात दिलेल्या होत्या. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्यानंतर त्या मूळ वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. आज सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असलेली अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून व नजराणा भरल्यावाचून विकता येत नाही. जमीन बळकावली जाऊ नये, हा या अटीचा हेतू संरक्षणाचा होता. परंतु उद्योगकर्जासाठी बँकेसमोर बसलेल्या अर्जदाराच्या बाबतीत हीच अट उलटी फिरते. सहज विकता न येणाऱ्या तारणाला बँक कमी मोल देते. पतहमी योजना असूनही व्यवस्थापक तारणाची विचारणा करतो, आणि अर्जदाराजवळ एक तर जमीन नसते किंवा असते ती अशी. राष्ट्रीय पातळीवरील कर्जांची तूट येथून सुरू होते.

दुसरा अडथळा ग्राहकाचा आहे. ४ टक्क्यांचे बंधन केंद्रीय मंत्रालयांवर व उपक्रमांवर आहे. खासगी कारखान्यांवर नाही. त्यामुळे डिक्कीचे प्रारूप भीमेच्या दोन काठांवर वेगवेगळे काम करते. दौंडला रेल्वेसारखा केंद्रीय ग्राहक आहे, पण त्याच्या खरेदीचे निर्णय तालुक्याबाहेर, विभागीय कार्यालयांत व संगणकीय बाजारपेठेवर होतात. तेथे पोहोचण्यासाठी नोंदणी, करविवरणपत्रे व कागदपत्रांचे ज्ञान लागते. शिरूरला मागणी अफाट आहे, पण ती खासगी आहे. माथाडी व कंत्राटी मजूर, वाहतूक, भोजनालय, भंगार या कामांची साखळी ओळख, उधारी आणि स्थानिक वजन यांवर चालते. नियम जेथे आहेत तेथे काम दूर आहे. काम जेथे जवळ आहे तेथे नियम नाहीत. कांबळे यांच्या कार्याची खरी सीमारेषा ही आहे.

बाजार जातनिरपेक्ष आहे काय?

बाजारात पैशाला जात नसते, हे डिक्कीच्या विचारविश्वातील आधारभूत गृहीतक आहे. त्यात सत्यांश आहे. खेड्यातील बलुतेदारीपेक्षा शहरातील रोख मजुरी माणसाला अधिक मोकळीक देते. परंतु संशोधन या गृहीतकाला पूर्ण दुजोरा देत नाही. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांच्या २००७ मधील अभ्यासात खासगी नोकऱ्यांसाठी समान पात्रतेचे अर्ज पाठवले असता दलित आडनावाच्या अर्जदारास अनुकूल प्रतिसादाची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. आडनाव पाहून मुलाखतीचे पत्र थांबत असेल, तर त्याच आडनावाचे दरपत्रक बिनदिक्कत पुढे सरकते, असे मानण्यास आधार नाही.

२००५ च्या आर्थिक गणनेनुसार देशातील एकूण उद्योगांपैकी ९.८ टक्के अनुसूचित जातींच्या मालकीचे होते. २००१ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या १६.२ टक्के होती. अश्विनी देशपांडे व स्मृती शर्मा यांनी २०१३ मध्ये लघुउद्योग गणनांच्या आधारे दाखवून दिले, की दलितांच्या मालकीचे उद्योग प्रायः लहान, ग्रामीण व घरच्या माणसांच्या श्रमावर चालणारे आहेत. म्हणजे त्यांतील बरेचसे निवडीने नव्हे, निरुपायाने चाललेले व्यवसाय होत. गोपाळ गुरू यांनी २०१२ मध्ये दलित कोट्यधीशाच्या उदयाला 'कमी तीव्रतेचा देखावा' म्हटले, त्यामागे हीच जाणीव आहे : मूठभरांच्या यशाच्या प्रकाशात बहुसंख्यांचा अंधार दिसेनासा होतो.

तथापि गुरू यांच्या टीकेलाही मर्यादा आहे. देखावा निरुपयोगीच असतो असे नाही. ज्या समाजात आपल्यातील कोणी मालक होऊ शकतो ही कल्पनाच मुलांसमोर नव्हती, तेथे दृश्य उदाहरणाचे मूल्य मोठे असते. आक्षेप उदाहरणावर नसून उदाहरणालाच धोरण समजण्यावर असावा.

बाजार सामाजिक शांततेवर किती अवलंबून असतो, हे याच परिसराने अनुभवले. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा व सणसवाडी भागात उसळलेल्या हिंसाचारात दुकाने, घरे व वाहने यांची मोठी हानी झाली. मोठा कारखाना विमा व साठा यांच्या बळावर दुसऱ्या दिवशी उभा राहतो. रस्त्याकडेची टपरी, गॅरेज किंवा कर्जाऊ टेम्पो एका दुपारी संपतो. त्याहून दीर्घ परिणाम विश्वासाचा होतो. गिऱ्हाइकाने कोणत्या दुकानात जावे, उधारी कोणी कोणास द्यावी, या गोष्टी पुन्हा जातीने ठरू लागतात. लहान उद्योजकासाठी विमा, जागेचा हक्क व कायद्याचे राज्य या बाबी कर्जाइतक्याच मूलभूत आहेत. डिक्कीच्या मागणीपत्रात कर्ज व खरेदी यांना जे स्थान मिळाले, ते या बाबींना मिळालेले दिसत नाही.

केडगावचा जुना पाठ

दौंड तालुक्यातच या प्रश्नाचे एक जुने उत्तर सापडते. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केडगाव येथे 'मुक्ती सदन' वसवले. दुष्काळाने व वैधव्याने निराधार झालेल्या स्त्रियांना त्यांनी आश्रयाबरोबर मुद्रण, विणकाम, शेती, शिवण यांचे शिक्षण दिले. रमाबाईंनी मराठीत केलेले बायबलचे भाषांतर तेथील मुद्रणालयातच छापले गेले. या कार्याचा धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी त्यातील आर्थिक सूत्र विचारार्ह आहे. ज्यांना समाजाने बाजाराबाहेर ठेवले त्यांना थेट बाजारात उभे करण्यापूर्वी निवारा, कौशल्य व उत्पादनाची साधने एकाच ठिकाणी देणे, हे ते सूत्र होय. त्याची उणीव अशी, की संस्थेच्या भिंतीबाहेरचा ग्राहक या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी नव्हता. कांबळे यांच्या प्रारूपात नेमकी उलट स्थिती आहे. तेथे ग्राहकाचा विचार प्रगल्भ आहे, पण कौशल्य, साधने व सुरक्षितता अगोदरच जवळ असलेल्यालाच तो उपयोगी पडतो. ही दोन अर्धी उत्तरे एकत्र आल्याशिवाय तालुका पातळीवरील प्रश्न सुटणार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात.

१. मिलिंद कांबळे यांचे महत्त्व त्यांच्या वैयक्तिक संपत्तीत नसून, शासनाला ग्राहक म्हणून जबाबदार धरण्याची मागणी त्यांनी संघटितपणे मांडली यात आहे. गौरवपर लेखनाने नेमका हाच भाग झाकला आहे.

२. त्यांचा स्वतःचा प्रवास सार्वजनिक शिक्षण व नियमबद्ध कामे यांच्या आधाराने झाला. शासकीय तंत्रशिक्षण महाग होत असताना व सार्वजनिक उपक्रम आकुंचन पावत असताना केवळ उद्योजकतेचे आवाहन करणे म्हणजे स्वतः चढलेली शिडी मागच्याला न दाखवता माडीचे वर्णन करणे होय.

३. शिरूर-दौंडसारख्या भागात अडचण इच्छाशक्तीची नाही. ती जमिनीच्या शर्ती, तारण, सहकारातील सभासदत्व आणि खासगी पुरवठा साखळीतील ओळख यांची आहे. वतनी जमिनीवरील उद्योगकर्जाचा मार्ग सुलभ करणे, पण तिच्या विक्रीवरील संरक्षण न काढणे, ही तातडीची कायदेविषयक गरज आहे.

४. शासनाकडून भूखंड व करसवलती घेणाऱ्या खासगी प्रकल्पांनी आपले पुरवठादार कोण आहेत याची माहिती प्रसिद्ध करावी, अशी मागणी पुरवठादार वैविध्याच्या तत्त्वाशी सुसंगत ठरेल. टक्केवारीचा वाद त्यानंतरचा. आधी चित्र दिसले पाहिजे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रथमच उद्योग सुरू करणाऱ्या पाच लाख महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी पाच वर्षांत दोन कोटी रुपयांपर्यंतच्या मुदत कर्जांची योजना जाहीर झाली. पूर्वीच्या योजनेतील तुटीची कारणे तालुकानिहाय तपासली नाहीत, तर नव्या योजनेतही महिलांचा आकडा पुढे व अनुसूचित जाती-जमातींचा आकडा मागे, हेच चित्र पुन्हा दिसेल. ही तपासणी करण्यास ग्रामीण महाविद्यालयांतील वाणिज्य, अर्थशास्त्र व समाजशास्त्र हे विभाग सर्वांत योग्य ठिकाणी आहेत. रांजणगाव व कुरकुंभ येथील कामांवर रोज जाणाऱ्या कुटुंबांतील मुले त्यांच्याच वर्गांत बसलेली असतात. उद्योजकता विकासाच्या एकदिवसीय व्याख्यानात त्यांना यशकथा ऐकवल्या जातात. त्याच दिवशी सातबारा कसा वाचावा, निविदा कशी भरावी आणि बँकेने अर्ज नाकारल्यास लेखी कारण कसे मागावे, हेही शिकवले गेले, तर कांबळे यांच्या कार्यातील टिकाऊ अंश त्यांच्यापर्यंत पोहोचेल.